ब्रॉयलर कापली नाही तर किती जगते?

भोरचा_निरंजन

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतोच. धाकट्या मेहुण्याने भोरजवळ ब्रॉयलरचं शेड घातलंय, एका कंपनीशी करार करून. रविवारी मुलाला घेऊन गेलो होतो. पोरगं चौथीत, नको ते विचारण्यात पटाईत. एक कोंबडी उचलायला गेला तर दोन्ही हातांत मावेना. "मामा, ही किती वर्षांची?" मामा म्हणाला, "वर्षं कुठली, 38 दिवसांची आहे. परवा गाडी लागेल." त्यावर साहेबांचा पुढचा प्रश्न, "आणि नाही नेली तर किती जगेल?" मेहुण्याने "मरते लगेच" म्हणून विषय मिटवला.

घरी येऊन शोधलं तर कोंबडीचं नैसर्गिक आयुष्य 5 ते 8 वर्षं, कुठे कुठे 10 पण लिहिलेलं. 8 वर्षं धरली तरी 2900 दिवस होतात, त्यातले 40 दिवस या कोंबडीच्या वाट्याला. ही तफावत आपण लवकर कापतो म्हणून आहे, की ती कोंबडी मुळात जगणारीच नाही? एवढी फुगवतात ती हार्मोनची इंजेक्शनं देऊनच ना? आणि अंड्यांच्या कोंबड्यांचं काय, त्या तरी जगतात का? मुलाला थातूरमातूर सांगायचं नाहीये. जाणकारांनी लिहावं.

कट्ट्यावरचा_बाब्या

इंजेक्शनंच हो, दुसरं काय. एक टोचलं की रात्रीत पाव किलो. आमचा चिकनवाला स्वतः सांगतो. बाकी पोराला खरं काय ते सांगून टाका, कोंबडीचं आयुष्य रविवारपर्यंत.

शेडवाली

बाब्या, तुमच्या चिकनवाल्याला एकदा आमच्या शेडवर धाडा. खानापूर तालुका, जिल्हा सांगली. 5000 पक्षी आहेत, एकेक धरून टोचून दाखवावं. वाढीचं हार्मोन एकदा टोचून भागत नाही, परत परत द्यावं लागतं. खाद्यातून द्यावं तर ते पोटात पचून जातं. वर त्याचा खर्च काढला तर कोंबडी परवडायची नाही. एक जादा पोतं उतरवलं तर सुपरवायझर तीन वेळा वही तपासतो, ती कंपनी हार्मोन वाटत बसेल होय? पक्ष्याला देतो ती लस. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, त्यासाठी लासोटा डोळ्यात थेंब, गंबोरो रोगाची पाण्यातून. शंका घ्यायचीच असेल तर अँटिबायोटिकवर घ्या. ती खरी आहे. 2014 ला दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेनं तिथल्या बाजारातली 70 चिकनची सॅम्पलं तपासली, त्यातल्या 40 टक्क्यांत औषधाचा अंश सापडला. कोलिस्टिन नावाचं औषध, माणसाला शेवटचा उपाय म्हणून देतात ते, कोंबडीच्या खाद्यात सर्रास चालायचं. त्यावर 2019 च्या जुलैत सरकारनं बंदी घातली.

आता निरंजन, तुमचा प्रश्न. तुमचा मेहुणा अर्धं खरं बोलला.

ही कोंबडी फुगवलेली नाही, ती तशीच जन्मते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक जुना वाण 1957 पासून आणि एक 1978 पासून निवड न करता तसाच जपून ठेवलाय. त्यांनी हे दोन वाण आणि 2005 चा धंद्यातला ब्रॉयलर असे तिन्ही एकाच खाद्यावर शेजारी शेजारी वाढवले. 56 व्या दिवशी 1957 ची कोंबडी 905 ग्रॅम, 1978 ची 1808 ग्रॅम, आणि 2005 ची 4202 ग्रॅम. खाद्य तेच, पाणी तेच, इंजेक्शन कुणालाच नाही. फरक सगळा रक्तातला. पिढ्यान् पिढ्या सगळ्यात भराभर वाढणारे नर-मादी निवडत गेले, त्याचं हे फळ.

शेडमध्ये हे रोज डोळ्यांसमोर घडतं. पिल्लू उतरतं तेव्हा 40-45 ग्रॅमचं, चहाच्या कपात बसेल एवढं. आठवड्यात चौपट होतं. तीन आठवड्यांत पिसं भरतात. पाचव्या आठवड्यापासून बघाल तर बहुतेक पक्षी बसलेलेच. फिडरपाशी बसायचं, मान लांब करून खायचं, चार पावलं टाकून निपलला तोंड लावायचं, परत बसायचं. छाती एवढी की बसल्यावर तुसाला टेकते. तूस ओला राहिला तर तंगडीच्या सांध्यावर तपकिरी डाग पडतात. दुकानात सोललेल्या कोंबडीची तंगडी नीट बघा, कधीतरी दिसतील.

आणि आवाज. तुमच्या मुलानं उचलायला घेतली ती ओरडली असेल तर आठवून बघा कशी ओरडली ते. दोन किलोचा पक्षी चिव चिव करतो. 38 दिवसांचं ते पिल्लूच आहे. आमच्या सासूबाईंच्या गावठी कोंबडीचं त्या वयाचं पिल्लू अजून आईच्या मागं फिरत असतं, पहिलं अंडं घालायला तिला सहा-सात महिने लागतात. तेव्हा ब्रॉयलर म्हातारी होऊन मरत नाही आणि ऐन भरात पण मरत नाही. ती लहानपणीच संपते, फक्त अंगानं मोठी दिसते.

मग 40 व्या दिवशीच गाडी का लागते? पक्ष्याला त्या दिवशी काही होतं म्हणून नाही, खाद्याच्या हिशेबामुळं. या वयापर्यंत साधारण दीड-पावणेदोन किलो खाद्याला एक किलो वजन मिळतं. पुढं पक्षी खातो तेवढंच किंवा जास्त, पण त्यातलं बरंच नुसतं ते अंग चालतं ठेवण्यात जातं आणि मर वाढायला लागते. ज्या दिवशी खाद्याचा रुपया वजनाच्या रुपयाला मागं टाकतो, तो तिच्या आयुष्याचा शेवट. बाजारात लहान पक्ष्याला मागणी असली तर 35 व्या दिवशी पण उचलतात. कोंबडीचं वय शेडमध्ये ठरत नाही, कंपनीच्या ऑफिसात ठरतं.

आता उचललीच नाही तर काय होतं, ते मी बघितलंय. 2020 ला कोंबडीतून कोरोना येतो अशी आवई उठली आणि फेब्रुवारीत भाव कोसळला. उत्पादन खर्चाच्या पार खाली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. आमचा लॉट तयार, गाडी येईना. कंपनीचा फोन लागला तर म्हणायचे, थांबा. खाद्य पण मोजून-मापून पाठवायला लागले. पक्षी तीन किलोच्या वर गेले. सांगलीकडचा मार्च-एप्रिल म्हणजे पत्रा भाजून निघतो. पडद्यांना ओली पोती बांधली, फॉगर दिवसभर चालू, दुपारी खाद्य वर उचलून ठेवायचं, पाण्यात गूळ आणि व्हिटॅमिन सी. तरी रोज सकाळी मेलेले गोळा करायचे. काही पक्षी उताणे पडलेले, पाय वर, काल संध्याकाळपर्यंत चांगले खात होते. हृदय बंद पडतं. काहींच्या पोटात पाणी झालेलं, हात लावला की फुगा. आणि काहींचे पाय फाकलेले, उठता येत नाही, फिडर हातभर लांब आणि तिथवर जाता येत नाही. त्यांना आमचे मालक वाटीतून पाणी पाजायचे. आजूबाजूच्या गावांत लोकांनी खड्डे काढून जिवंत पिल्लं पुरली, त्यांना खायला घालायला पैसे नव्हते म्हणून. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी तेव्हा एक पोतं खाद्य आणून दिलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे पोटभर खायला घालत राहिलात तर मेहुण्याचं खरं. लगेच सगळ्या मरत नाहीत, पण काही महिन्यांत एक एक करून जातात.

अर्धं खोटं ते असं. या ब्रॉयलरचे आईबाप कुठंतरी जिवंत असतातच ना? ब्रीडर फार्मवर तोच वाण 60-65 आठवडे जगतो, अंडी घालतो, त्या अंड्यांतूनच आपलं पिल्लू येतं. ते कसं जमतं? उपाशी ठेवून. लहानपणी त्यांना पोटभर खातील त्याच्या निम्म्याहून कमी खाद्य मिळतं, ग्रॅमवर मोजून. काही ठिकाणी एक दिवसाआड. मोकळं सोडलं तर माद्या लठ्ठ होतात, बऱ्याच मरतात आणि राहिलेल्या अंडी पण कमी घालतात. मी एकदा एका ब्रीडर फार्मवर गेले होते, खाद्याची वेळ झाली आणि ट्रॉलीचा आवाज आला तसा अख्ख्या शेडनं जो गलका केला, तो आमच्या शेडवर मी कधी ऐकला नाही. आमचे पक्षी कधी भुकेले नसतात. ते पोट भरून 40 दिवस जगतात आणि त्यांचे आईबाप भुकेले राहून सव्वा वर्ष. यातलं बरं कुठलं, ते तुम्ही ठरवा.

सासूबाईंनी लॉट गेल्यावर पडद्यामागं लपून राहिलेली एक मादी आपल्या गावठीत सोडली होती. नाव ठेवलं पाटलीण. बाकीच्या शेवग्यावर चढून बसायच्या, ही खालीच. सकाळी मूठभर ज्वारी आणि दिवसभर उकिरडा, एवढ्यावर ठेवलं म्हणून टिकली. अंडी पण घातली. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी गेली. तेव्हा माझा अंदाज विचाराल तर, हात आखडून खायला दिलं आणि ऊन सांभाळलं तर वर्ष-दोन वर्षं सहज, नशीब असेल तर जास्त. 8 वर्षांचं स्वप्न या अंगाला बघू नये.

कट्ट्यावरचा_बाब्या

शेडवाली ताई, कान धरले. चिकनवाल्याला सांगतो. पण तो ऐकणार नाही, त्याला इंजेक्शनच आवडतं.

न्यूयॉर्कच्या_खाली

शेडवाली ताईंच्या प्रतिसादाला एक शेपूट. मी डेलावेअरमध्ये असतो, हा सगळा धंदा सुरू झाला तो याच राज्यात. 1923 मध्ये ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांसाठी म्हणून 50 पिल्लं मागवली होती, हॅचरीने चुकून 500 पाठवली. परत न करता त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली. तेव्हा ती विकायच्या वजनाला यायला 18 आठवडे लागले, आणि ते वजन म्हणजे जेमतेम एक किलो. त्यांचं ते छोटं लाकडी खुराडं डोव्हरच्या शेतकी संग्रहालयात आणून ठेवलंय, मी पाहिलंय, आपल्या गावाकडच्या गोठ्याएवढं पण नाही. पुढे 1948 ला इथेच 'चिकन ऑफ टुमॉरो' नावाच्या स्पर्धेची राष्ट्रीय फेरी झाली. देशभरातून अंडी मागवली, एकत्र उबवली, एकसारखी वाढवली आणि कोणाची कोंबडी छातीला भरदार, कोणाची कमी खाऊन जास्त वाढते त्यावर बक्षिसं. आजच्या ब्रॉयलरचं बरंचसं रक्त त्या विजेत्यांकडून आलेलं आहे. म्हणजे 18 आठवड्यांचे 6 आठवडे व्हायला शंभर वर्षंही लागली नाहीत.

भोरचा_निरंजन

ताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ब्रीडरचं तर माहीतच नव्हतं. अंड्यांच्या कोंबडीबद्दल कोणी सांगेल का?

नवापूरकर

लेअरचं मी सांगतो, घरात तोच धंदा.

आपल्याकडे बहुतेक शेडवर बीव्ही-300 असते, पांढरी, हलकी, दीड किलोच्या आत-बाहेर. 18 ते 20 व्या आठवड्यात अंड्यावर येते. आली की थांबत नाही, वर्षाला 300 च्या वर. गावठी कोंबडी वर्षाला 50 ते 70 घालते आणि मधे खुडूक बसते. लेअर खुडूक बसतच नाही, तो गुण काढूनच टाकलाय. रानकोंबडी तर घरट्यात चार-सहा घालते आणि उबवायला बसते. तिथून 300 वर आणलंय, यावरून अंदाज करा.

हिशेब असा. कोंबडी रोज साधारण 110 ग्रॅम खाते, अंडं घालो न घालो. ऐन भरात शंभर कोंबड्यांमागे 92 अंडी मिळतात तेव्हा एका अंड्याला 120 ग्रॅम खाद्य पडतं. उत्पादन 65 वर आलं की तेच अंडं 170 ग्रॅमला पडतं. अंड्याचा भाव काही तुमची कोंबडी म्हातारी झाली म्हणून वाढत नाही. म्हणून 72 ते 80 आठवड्यांत लॉट काढायचा. हल्ली वाण सुधारलेत, काही जण 90-100 आठवडे ओढतात. म्हणजे दीड ते दोन वर्षं. अंडी बंद झाली म्हणून काढतात असा समज आहे, तो चुकीचा. शंभरातल्या साठ-पासष्ट घालतच असतात. तुमच्या घरी पाच ठेवल्यात तर रोज तीन अंडी मिळतील, घरच्याला ती पुष्कळ झाली.

काढलेल्या कोंबडीत मांस नसतं, चिवट असते, शिजायला वेळ लागतो, म्हणून स्वस्तात जाते. काही लोक मात्र रश्श्यासाठी तीच मागून नेतात.

तिला घरी ठेवली तर ब्रॉयलरपेक्षा नक्की जास्त जगेल, तीन-चार वर्षं जगलेल्या मी पाहिल्यात. पण ती काढतो तेव्हाच आतून झिजलेली असते. एका टरफलात दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. तिच्या सगळ्या हाडांत मिळून आहे 20 ग्रॅमच्या आसपास. वर्षाला 300 अंडी म्हणजे 600 ग्रॅम, आपल्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम ती वर्षभरात टरफलातून देते. खाद्यात शिंपल्याची भुकटी, चुनखडी घालतो, तरी रात्री टरफल बनताना हाडांतून ओढलं जातंच. लॉट काढताना पंख धरला की कट्कन् मोडल्याचा आवाज हाताला कळतो. माणसं नवीन असली की दचकतात. पिंजऱ्यात हालचाल नसते त्यामुळे हाडं आणखी ठिसूळ. युरोपात 2012 पासून हे साधे पिंजरे बंद झाले. आपल्याकडे 2017 मध्ये विधी आयोगाने लेअर-ब्रॉयलरच्या निगेवर अख्खा अहवाल दिला, 269 वा. शेडवर अजून पिंजरेच आहेत, आमच्याकडेही. मोकळ्यावर ठेवायला आहे त्याच्या कितीतरी पट जागा लागते आणि गिऱ्हाईक अंड्यामागे चार आणे जास्त द्यायला तयार नाही.

आणि लेअरचा नर. त्याचं आयुष्य विचारूच नका. अंडं घालत नाही, मांसाला भरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी बाजूला काढतात. बहुतेक तिथेच मारले जातात. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ना, ती हीच. जर्मनीने 2022 पासून नर पिल्लं मारायला बंदी केली, फ्रान्सनेही पाठोपाठ. तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रं बसवलीत.

आमच्या नवापूरला 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तेव्हा 20 आठवड्यांची काय आणि 70 ची काय, सगळी एकाच खड्ड्यात गेली. 2021 ला परत तेच. तेव्हा आमच्याकडे वयाचा हिशेब धरूनच चालावा लागतो, पण तो कधी पूर्ण होईल याची खात्री नाही.

परशुरामाची_पायरी

चर्चा छान चाललीय, पण गावठी कोंबडी 8 वर्षं जगते हेही कोणी धरून चालू नका. मी चिपळूणची. आजीकडे कायम पंधरा-वीस कोंबड्या असायच्या. एक कोंबडी रवणात बसली की दहा-बारा पिल्लं काढायची, त्यातली तीन-चार तलंग होईपर्यंत राहिली तर आजी खूश. बाकीची घारीने, मुंगसाने, बोक्याने नेली. पावसाळ्यात देवी यायच्या, उन्हाळ्यात मानमोडी. मानमोडी आली की दोन दिवसांत डालगं रिकामं. नर असेल तर सहा-आठ महिन्यांत राखणेला नाहीतर पाहुण्याला. मादी जगायची, ती पण अंडी देते तोवर.

आजीची एक काळी कोंबडी मात्र खरंच खूप वर्षं होती, मी शाळेत जायच्या आधीपासून ते पाचवी-सहावीपर्यंत तरी. शेवटी शेवटी अंडं बंद, नख्या वाढून वाकड्या झालेल्या, एका डोळ्याने दिसायचं नाही. आजी तिला कापू द्यायची नाही. का ते विचारलं तर म्हणायची, ती असली की बाकीच्या संध्याकाळी वेळेवर घरी येतात.

विक्रमच बघायचा तर अमेरिकेतली मफी नावाची कोंबडी 23 वर्षं 152 दिवस जगली, गिनीजमध्ये नोंद आहे. पण ती लाडाने पाळलेली.

शेडवाली

परशुरामाची_पायरी, अगदी बरोबर. 5 ते 8 वर्षं हे अंगात जगायची ताकद किती त्याचं माप आहे. सगळ्या पिल्लांची सरासरी काढली तर आमच्या सासूबाईंच्या अंगणात ती काही महिन्यांवर येईल. शेडमध्ये उलटं आहे. तिथं शंभरातली पंच्याण्णव पिल्लं 40 दिवस गाठतात. मुंगूस नाही, घार नाही, मानमोडीची लस आहे. शेडची बाजू मांडणारे एवढंच सांगून थांबतात. पण अंगणातल्या पिल्लाला घारीनं सोडलं तर त्याच्यापुढं वर्षं असतात. धुळीत अंग घासणं, झाडावर चढणं, रवणात बसणं, सगळं. आमच्या पक्ष्याला गाडीनं सोडलं तरी पुढं काय, ते मी वर लिहिलंय. आम्ही नुसतं वय कमी केलं असतं तर वेगळं होतं. आम्ही अंगच असं केलंय की त्याला जास्त वय पेलवत नाही.

नवापूरकर, पंखाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या धंद्यातली माणसं हे लिहीत नाहीत.

कट्ट्यावरचा_बाब्या

मग खायचं काय? मी आता गावरान आणतो, दुप्पट भावाने. ती तरी वर्षभर जगलेली असते ना?

शेडवाली

शहरात 'गावरान' पाटी लावून मिळते त्यातली बरीचशी डीपी नाहीतर कावेरीसारखी क्रॉस जात. ती पण शेडमध्येच वाढते, 70 ते 90 दिवस. ब्रॉयलरच्या दुप्पट वय झालं म्हणून दुप्पट भाव, हिशेब चोख आहे. चालते-फिरते, पाय धड असतात, चव पण बरी. वर्षभर जगलेली हवी असेल तर आठवडी बाजारात पाय बांधून आणलेली बघा. टाच बघायची. नराच्या टाचेवरचा काटा लांब आणि कडक झालेला असेल तर तो वर्षाच्या पुढचा. नुसता मणी असेल तर कोवळा. आणि मग कुकरच्या शिट्ट्या मोजू नका.

फ्रान्समध्ये 'लाबेल रूज' म्हणून शिक्का असतो, त्या कोंबडीला कमीत कमी 81 दिवस वाढवावंच लागतं, सावकाश वाढणारी जातच घ्यावी लागते. शिक्क्यावर लोक जादा पैसे देतात. आपल्याकडं पाकिटावर कोंबडीचं वय लिहायची पद्धत आली तर मी पहिली सावकाश वाढणारी जात घालीन. तोवर कंपनी देईल ते पिल्लू. शेडचं कर्ज अजून फिटायचंय.

भोरचा_निरंजन

सगळ्यांचे आभार. मुलाला सगळं वाचून दाखवलं, खड्ड्यांचं वगळून. आता त्याचं एकच. मेहुण्याच्या पुढच्या लॉटमधल्या दोन आणायच्या आणि भोरला आईकडे ठेवायच्या. आई तयार आहे, परसात जागा आहे, गावठी दोन-तीन आहेतच. ताई, काय काळजी घ्यावी?

शेडवाली

आणायच्याच तर 38 व्या दिवसापर्यंत थांबू नका. तीन आठवड्यांच्या आतच आणा, तेव्हा पाय चांगले असतात आणि खाण्याला लगाम घालता येतो. वजनाला मोठी बघून घेऊ नका, लॉटमधली बारकी, चपळ, धरायला गेलं की पळते ती घ्या. मेहुण्याला ती नकोच असते, आनंदानं देईल.

आणल्या आणल्या गावठीत सोडू नका. थोडे दिवस वेगळं डालगं. लस कुठली झालीय ते मेहुण्याकडून लिहून घ्या, मानमोडीचा पुढचा डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळेल. आधी आईंच्या गावठीला पण द्या.

शेडचं खाद्य अजिबात नको. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, पालेभाजीची देठं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मधे परसात काय उकरतील ते. मागं मागं येतील, भूक लागली म्हणून ओरडतील, आईंना वाटेल उपाशी आहेत. त्या कायम उपाशीच असतात, रक्तातच आहे ते. तिथं मन घट्ट करावं लागेल, आणि आज्या या बाबतीत भरवशाच्या नसतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावतील तोवर आठवड्याला वजन करा. पुढं पिशवीत घालून ताणकाट्याला लावा. मुलाला कामाला लावा त्या.

बसायला उंच दांडी नको, उडी मारताना पाय मोडतो. वीतभर उंचीवर फळी टाका. खाली तूस कोरडा ठेवा. मागून अंग घाण झालंय का ते बघत जा, त्यांना स्वतःला चोचीनं तिथवर साफ करता येत नाही, कोमट पाण्यानं धुवायला लागतं. मार्च ते जून दुपारी सावली आणि गार पाणी. धाप लागलेली दिसली, चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, तर पाय पाण्याच्या घमेल्यात ठेवा. अंगावर ओतू नका एकदम.

दोन्ही माद्याच बघून आणा. तीन आठवड्यांत तुरा जरा मोठा आणि गुलाबी दिसायला लागला, पाय जाड असले की नर. तेव्हा कळायला अवघड जातं, मेहुण्याला विचारा, त्याची नजर बसली असेल. एखादा नर निघालाच तर आईंच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, पहाटे चारला सुरू होतो आणि ब्रॉयलरच्या छातीचा आवाज गावठीपेक्षा मोठा असतो.